आधी काळं पाणी शोधा

तासगावच्या एका प्राध्यापकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे जानेवारी २०२४ मधल्या तीन उपग्रह-प्रतिमा आहेत. सांगलीजवळच्या कृष्णेची एक आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची एक, या दोन्ही सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या. तिसरी रत्नागिरीसमोरच्या अरबी समुद्राची, ओशनसॅट या भारतीय उपग्रहावरच्या ओसीएम कॅमेऱ्याची. पहिल्या दोन प्रतिमांत पाण्यावर साय धरल्यासारखा दुधाळ थर दिसतो. म्हणून त्यांनी फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधलं धूसरपणा घालवायचं बटण वापरून पाहिलं. मग प्रत्येक बँडमधला (बँड म्हणजे प्रकाशाचा एकेक रंगपट्टा, त्याची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये सांगतात) सर्वांत लहान आकडा सगळ्या पिक्सेलांतून वजा केला. चित्रं लख्ख झाली, पण शिवसागराचं पाणी जवळजवळ शून्यावर आलं. समुद्राची फाइल दुरुस्ती केलेली, म्हणजे हवेचा उजेड वजा केलेली, तयारच मिळाली होती, तरी किनाऱ्यालगत ४१२ नॅनोमीटरच्या बँडमध्ये उणे आकडे आहेत आणि तिथेच क्लोरोफिल भरमसाट दिसतंय. या प्रतिमा टाकून द्यायच्या, की हे सगळं नीट करणारं एखादं सॉफ्टवेअर आहे, असं ते विचारतात.

प्रतिमा टाकू नका. सॉफ्टवेअरकडे नंतर येऊ. आधी एक गोष्ट तपासा, पाच मिनिटांचं काम आहे.

सेंटिनेल-२ च्या फाइलमधला आकडा पूर्वी दहा हजारांनी भागला की परावर्तन, म्हणजे पडलेल्या उजेडातला परत आलेला हिस्सा, मिळायचं. २५ जानेवारी २०२२ ला प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती सुरू झाली, आणि तेव्हापासून प्रत्येक आकड्यात १००० जास्तीचे मिळवलेले असतात. अगदी काळ्या पृष्ठभागावर उपकरणाच्या गोंगाटामुळे येणारे उणे आकडे कापले जाऊ नयेत, म्हणून ही सोय केली आहे. त्यामुळे आता आधी १००० वजा करायचे आणि मग दहा हजारांनी भागायचं. हे राहून गेलं तर प्रत्येक पिक्सेलचं परावर्तन ०.१ ने फुगतं. उसाच्या रानात किंवा खडकाळ माळावर ते चटकन लक्षात येत नाही. पण स्वच्छ पाण्याचं स्वतःचं परावर्तन निळ्यात एक-दोन टक्के असतं. त्याच्यावर दहा टक्के ओतले तर शिवसागर चुन्याच्या निवळीसारखा दिसणारच. तुमच्या दुधाळ थराचा मोठा भाग हाच असावा असा माझा अंदाज आहे. जुन्या तारखांच्या कित्येक प्रतिमाही नव्याने प्रक्रिया करून ठेवल्या आहेत, म्हणून तारखेवर जाऊ नका. सोबतच्या माहिती-फाइलमध्ये आवृत्ती आणि वजा करायचा आकडा दोन्ही लिहिलेले असतात, ते वाचा.

आता सर्वांत लहान आकडा वजा करण्याबद्दल. जमिनीच्या प्रतिमांसाठी ही पद्धत वाईट नाही. डोंगराची गडद सावली किंवा खोल डोह काळा धरायचा. तिथून जो प्रकाश आला तो हवेचा, म्हणून सगळीकडून तेवढा कमी करायचा. पण पाण्याच्या चित्रात सर्वांत काळी वस्तू कोणती? पाणीच. जे मोजायला निघालो तेच आपल्या हाताने शून्य केलं. तुमचा शिवसागर असा शून्यावर आला. तिथे धूसरपणाबरोबर पाण्याचा रंगही गेला.

काळी वस्तू शोधायची ही कल्पना मात्र खरी आहे. उपग्रहावरून समुद्राचा रंग मोजताना करायच्या बहुतेक दुरुस्तीचा पाया तोच आहे. फक्त पाणी कोणत्या बँडमध्ये खरोखर काळं असतं, हे आधी ठरवावं लागतं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

थंडीत सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढून पूर्वेला जरंडेश्वराच्या डोंगराकडे पाहा. जवळचा उतार तपकिरी दिसतो, त्यामागची रांग निळसर, तिच्याही मागची जवळजवळ आभाळाच्या रंगाची. मागचा डोंगर निळा नाही. तुमच्या आणि डोंगराच्या मधली हवा उन्हाने उजळते, आणि तो उजेड डोंगराच्या रंगावर चढतो. डोंगर जितका लांब आणि जितका गडद, तितका त्याचा स्वतःचा वाटा कमी. उपग्रह पाण्याकडे पाहतो तेव्हा हेच होतं, फक्त उभ्या दिशेने आणि अख्खं वातावरण मध्ये घेऊन. समुद्रावर निळ्या बँडमध्ये उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात पाण्यातून वर आलेला प्रकाश साधारण एक दशांश असतो. बाकीचे नऊ दशांश हवेचे, एरोसोलचे (म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचे) आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून परतलेल्या उजेडाचे.

समजा ४४३ नॅनोमीटरला उपग्रहाने ०.१२० मोजले. त्यातले ०.०९० हवेच्या रेणूंचे, ०.०१५ एरोसोलचे, आणि उरले ते ०.०१५ पाण्याचे. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण प्रमाण खरं आहे. रेणूंच्या आकड्यात पाच टक्के चूक झाली तर ती ०.००४५ भरते, म्हणजे पाण्याच्या आकड्यात तीस टक्के. म्हणून या कामात 'साधारण बरोबर' चालत नाही. शंभर रुपयांच्या खर्चात दहा रुपये शिल्लक शोधायची असेल, तर खर्चाची एकेक पावती लावूनच बसावं लागतं.

यातली सर्वांत मोठी पावती रेणूंची. रेणूंचं प्रकीर्णन, म्हणजे प्रकाश विखुरणं, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. ४४३ ला ते ८६५ च्या साडेचौदा पट भरतं. म्हणून धूसरपणा निळ्या बँडमध्ये एवढा दाटतो. समाधानाची गोष्ट ही की ही रक्कम मोजून काढता येते. सूर्य किती उंचीवर आहे, उपग्रह कोणत्या कोनातून पाहतोय आणि हवेचा दाब किती, एवढं कळलं की पुरे. अंदाज लागतो तो फक्त एरोसोलला.

इथे सर रामन यांची आठवण काढल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना बोटीवर त्यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली. समुद्राचा निळा म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब, असं इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रामन यांनी निकोल प्रिझममधून (परावर्तित चकाकी गाळणारा स्फटिक), ठरावीक कोनातून पाहत पृष्ठभागावरचं ते प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकलं. तरी समुद्र निळाच राहिला, उलट अधिक गहिरा झाला. पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात, हे त्यांनी त्यातून मांडलं. वरचा उजेड आधी काढा, मगच पाण्याचा रंग कळेल: आज उपग्रहाच्या प्रतिमेवर आपण जे करतो त्याचं बीज मला त्या बोटीवरच्या निरीक्षणात दिसतं. एका भारतीयाने हातात मावणाऱ्या उपकरणाने ते केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

दाबाचा उल्लेख आला, तिथे आपल्या भागात एक ठेच लागते. समुद्रासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर पाणी समुद्रसपाटीलाच आहे असं धरून चालतं. शिवसागर पूर्ण भरतो तेव्हा पाण्याची पातळी सुमारे ६५९ मीटर असते. तिथे हवेचा दाब ९३५ हेक्टोपास्कलच्या आसपास, समुद्रावर १०१३. म्हणजे शिवसागरावर रेणूच साडेसात टक्के कमी आहेत. सॉफ्टवेअरने पूर्ण हवा धरून वजाबाकी केली तर वरच्या उदाहरणात सुमारे ०.००७ जास्त कापले जातात, पाण्याच्या हिश्श्याच्या निम्म्याच्या जवळ. मी ही चूक स्वतः केली आहे. समुद्राच्या प्रतिमांवर बरीच वर्षं घालवून साताऱ्याला परतलो आणि पहिल्यांदा कोयनेची प्रतिमा घेतली, तेव्हा निळा बँड इतका खाली आला की पाण्यात सडलेल्या पाल्याची पिवळी द्रव्यं भरपूर आहेत, असं मी टिपण लिहून मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात बामणोलीहून होडीने आत गेलो आणि पाणी किती नितळ ते पाहायची पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडली. चार मीटरच्या खाली जाईपर्यंत ती दिसत होती, वर येताना हिरवट-निळी. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. घरी येऊन उंचीचा रकाना पाहिला तर त्यात शून्य होतं. तेव्हापासून कुठलीही प्रतिमा घेतली की मी आधी पाण्याची उंची वहीत लिहितो. सांगलीला ती साधारण साडेपाचशे मीटर धरा.

आता काळ्या पाण्याकडे. शुद्ध पाण्यात निळा प्रकाश कित्येक मीटर खोल जातो. ८६५ नॅनोमीटरचा निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वीतभर अंतरात बराचसा शोषला जातो. १६१० च्या आसपासचा तर दीड-दोन मिलिमीटरमध्येच संपतो. म्हणून स्वच्छ समुद्र ८६५ ला काळा असतो. तिथे रेणूंचा हिस्सा वजा केल्यावर जे उरतं ते सगळं एरोसोलचं. असे दोन काळे बँड घेतले, ७६५ आणि ८६५, की त्यांच्या गुणोत्तरावरून एरोसोलचे कण मोठे की बारीक ते कळतं. बारीक कण निळ्याकडे जाताना झपाट्याने उजळतात, मोठे कण जवळपास सपाट राहतात. मग योग्य प्रकार निवडून तो हिस्सा निळ्यापर्यंत ओढत न्यायचा आणि वजा करायचा. गॉर्डन आणि वँग या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये सीविफ्स या उपग्रहावरच्या कॅमेऱ्यासाठी ही रीत नीट बांधून दिली आणि तिचा सांगाडा अजून टिकून आहे. त्याआधी १९७८ च्या निंबस-७ वरच्या सीझेडसीएस या पहिल्या सागरी रंगाच्या कॅमेऱ्याला ६७० चा लाल बँडच काळा धरावा लागला होता. खोल निळ्या समुद्रात ते खपायचं, किनाऱ्यावर नाही. आपल्या १९९९ च्या ओशनसॅट-१ वरच्या ओसीएममध्ये ७६५ आणि ८६५ दोन्ही होते, आणि २०२२ च्या ओशनसॅट-३ वरच्या ओसीएममध्ये तर १०१० नॅनोमीटरचाही बँड आहे. काळ्या पाण्याच्या शोधात बँड असे दरवेळी लांब लांब सरकत गेले आहेत.

ते का सरकले, ते कऱ्हाडला प्रीतिसंगमावर उभं राहिलं की दिसतं. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात. पावसाळ्यात कृष्णा गाळाने तांबूस झालेली असते, कोयना बहुधा तिच्यापेक्षा नितळ. काही अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहतात. आता ८६५ चा बँड काळा धरून दोन्हींवरची हवा मोजा. गाळाचे कण निकट-अवरक्तातही प्रकाश परत फेकतात, पण पाणी काळंच असतं असं मानणारं गणित तो सगळा उजेड हवेच्या नावावर लिहितं. त्यामुळे कृष्णेवर एरोसोल भरपूर, हाकेच्या अंतरावरच्या कोयनेवर मुळीच नाही, असं निघतं. संगमावर हवा काही दोन नसतात. जास्तीचा तो एरोसोल मग निळ्यातून वजा होतो आणि गढूळ पाणी निळ्या बँडमध्ये उणे जातं. म्हणून मी संगमाची प्रतिमा हातात आली की एरोसोलचा नकाशा आधी उघडतो. एरोसोलच्या नकाशात नदीचा आकार उमटला असेल, तर दुरुस्ती चुकली. याच्याइतकी सोपी आणि भरवशाची चाचणी मला दुसरी माहीत नाही.

गाळाच्या पाण्यासाठी म्हणून आणखी लांबचे बँड लागतात. सेंटिनेल-२ वर १६१० आणि २१९० नॅनोमीटरचे दोन आहेत. तिथे पावसाळ्यातली कृष्णाही काळीच दिसते. या बँडमध्ये पाण्याचा आकडा इतका लहान असतो की त्यात गोंगाट जास्त भरतो. तेव्हा एकेका पिक्सेलवर विसंबू नका, शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घ्या. हवा काही दहा-वीस मीटरला बदलत नाही.

बदलते ती कधी? शेजारच्या रानात पाचट पेटवलेलं असतं तेव्हा. सांगली-साताऱ्यात जानेवारी म्हणजे ऐन गाळप हंगाम. ऊस तुटून गेला की फडात पाचट उरतं, ते बऱ्याच ठिकाणी जाळतात. त्यात वीटभट्ट्या, गुऱ्हाळं आणि रस्त्याचा धुरळा. आपल्या भाषेत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि प्रकाशाच्या हिशेबातही ते वेगळे आहेत, हे मला फार उपयोगी वाटतं. नदीवर पहाटे पडतं ते धुकं, पाण्याचे थेंब. त्याच्या आरपार काही दिसत नाही, तो पिक्सेल सोडून द्यायचा. ते विरून उरते ती धुई, ओलाव्याने फुगलेले बारीक कण. ते प्रकाश विखुरतात पण फारसा शोषत नाहीत, आणि काळ्या बँडच्या रीतीने ती छान निघते. धुरळ्याचे कण मोठे, सगळ्या बँडमध्ये जवळपास सारखे उजळणारे, निळा मात्र थोडा शोषणारे. धुरकं सर्वांत फसवं, कारण त्यात काजळी असते.

काजळी निळा प्रकाश गिळते, आणि नेमकी हीच गोष्ट निकट-अवरक्तात नीट दिसत नाही. ८६५ ला गणिताला एवढंच कळतं की बारीक कण आहेत आणि अमुक इतके आहेत. ते पांढरे की काळे, हे त्याला कळत नाही. ते पांढरेच धरून निळ्यात भरपूर एरोसोल वजा करतं. प्रत्यक्षात त्या कणांनी निळा उजेड वाढवलेला नसतो, खाल्लेला असतो. झालं, आकडा उणे. तुमच्या रत्नागिरीच्या प्रतिमेत ४१२ ला हेच झालंय असं मला वाटतं. हिवाळ्यात देशावरची हवा वाऱ्याबरोबर अरबी समुद्रावर पसरते. १९९९ च्या सुरुवातीच्या इंडोएक्स मोहिमेत हिंदी महासागरावरचा तो तपकिरी थर सविस्तर मोजला गेला होता.

तो थर किती उंचीवर आहे, यानेही फरक पडतो. काजळीचा किंवा धुळीचा थर वर असेल तर त्याच्याखालच्या हवेने विखुरलेला निळा उजेड तो वर जाऊ देत नाही, आणि चूक मोठी होते. आपल्याकडे थंडीत पाचटाचा धूर सकाळी जमिनीलगत दबून राहतो, त्यामुळे नदीवर ही चूक त्या मानाने कमी. अरबस्तानाकडून किंवा राजस्थानातून येणारी धूळ मात्र उंचावरून येते, आणि समुद्रावर ती जास्त छळते.

क्लोरोफिल भरमसाट निघालं तेही यातूनच. समुद्रातलं क्लोरोफिल निळ्या आणि हिरव्या बँडच्या गुणोत्तरावरून काढतात. निळा कमी म्हणजे वनस्पती-प्लवक, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, जास्त. धुराने निळा खाल्ला किंवा दुरुस्तीने तो जास्त कापला, तरी गणित म्हणतं प्लवक फुललंय. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिलुका या प्लवकाचे हिरवे बहर खरोखर येतात, त्यामुळे खोट्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. मासेमारीच्या क्षेत्राची सूचना देणारी इन्कॉइस ही हैदराबादची संस्था अशाच क्लोरोफिलच्या नकाशांचा आधार घेते. दुरुस्तीतली चूक म्हणून कागदावर राहत नाही, ती कुणाच्या तरी डिझेलच्या खर्चात उतरते. त्या किनारपट्टीचे आकडे प्रबंधात घेताना ४१२ आणि ४४३ उणे असलेला प्रत्येक पिक्सेल वगळा. उणे आकड्याला शून्य करून पुढे नेऊ नका. आणि त्या दिवशी हवेत शोषणारे कण होते का, हे वेगळ्या उपग्रहाच्या अतिनील निर्देशांकावरून पडताळा, सेंटिनेल-५पी वरच्या ट्रोपोमी उपकरणाचा रोज मिळतो. जमिनीवरून मोजणाऱ्या एरोनेट जाळ्याचं पुण्याला केंद्र आहे, आपल्याला तेच जवळचं. २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेला नासाचा पेस उपग्रह ३४० नॅनोमीटरपासून पुढे सलग मोजतो आणि त्याच्यावर ध्रुवित प्रकाश पाहणारी दोन उपकरणंही आहेत. कण पांढरा की काळा, हे ओळखण्याची माझी सर्वांत जास्त आशा त्याच्यावर आहे. पुढच्या हंगामासाठी त्याचा विदा जरूर घ्या.

कृष्णेला आणखी एक अडचण आहे जी समुद्राला नाही. पात्र उन्हाळ्याकडे जाताना काही ठिकाणी जेमतेम दहा-बारा पिक्सेल उरतं आणि दोन्ही काठांना ऊस. हिरवं पीक निकट-अवरक्तात लखलखतं, चाळीस टक्क्यांच्या पुढे परावर्तन. तो प्रकाश हवेतल्या कणांवर आपटून नदीच्या पिक्सेलमध्ये शिरतो. धुरकं जितकं दाट, तितका जास्त. मग नदी स्वच्छ असली तरी ८६५ ला काळी दिसत नाही. हे ओळखायचं तर नदीच्या मधल्या पिक्सेलचा आलेख काढा. ७०५ पासून ७८० पर्यंत पानासारखी उडी दिसली तर ती एकतर काठच्या उसाची, नाहीतर पाण्यावरच्या जलपर्णीची. काठापासून काठापर्यंत एक रेघ मारा. उडी मध्याकडे हळूहळू कमी होत गेली तर काठाचा प्रकाश. मध्येच तुकड्या-तुकड्यांत वाढली तर जलपर्णी. दोन्ही काठांचे तीन-तीन पिक्सेल मी सरसकट सोडून देतो. त्यात नुकसान आहे, पण उरतं ते पाण्याचं असतं.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. सेंटिनेल-२ बरोबर दुरुस्ती केलेली म्हणून जी प्रतिमा मिळते, ती सेन२कॉर या सॉफ्टवेअरने केलेली असते. ते दाट हिरवी झाडी काळी वस्तू म्हणून वापरतं, म्हणजे ते जमिनीसाठी आहे. तिच्यावरून पाण्याचे निष्कर्ष काढू नका. कृष्णेसाठी अकोलाइट हे सॉफ्टवेअर घ्या. ते प्रत्येक बँडमधली सर्वांत काळी जागा शोधतं, मग ती डोंगराची सावली असो वा लांबच्या अवरक्तातलं पाणी, आणि ज्या बँडवरून सर्वांत कमी एरोसोल निघतं ते उत्तर धरतं. जास्त कापण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. तुमच्या भागापुरती छोटी चौकट द्या, नाहीतर ते सांगलीची हवा सह्याद्रीच्या कड्यावरून ठरवेल. शिवसागरासाठी अकोलाइट आणि सी२आरसीसी ही दोन्ही सॉफ्टवेअर चालवून शेजारी ठेवा. सी२आरसीसी शिकवलेल्या न्यूरल जाळ्यांवर चालतं आणि त्याचे ठरलेले आकडे समुद्राचे आहेत: क्षारता ३५, तापमान १५ अंश, ओझोन ३३० डॉबसन एकक. कोयनेला क्षारता शून्याच्या जवळ द्या, पाण्याचं तापमान तुम्ही मोजाल ते, ओझोन जानेवारीत अडीचशेच्या आसपास. दाबाच्या रकान्यात समुद्रसपाटीचाच दाब आणि उंची तिच्या वेगळ्या रकान्यात. उंची दोन्हीकडे धरली तर माझी जुनी चूक उलट्या बाजूने होईल. समुद्रासाठी सीडास आणि पॉलिमर ही सॉफ्टवेअर आहेत, पण ओसीएमची प्रतिमा कच्च्यापासून पुन्हा करायच्या आधी वर सांगितलेली वगळणी करून किती पिक्सेल उरतात ते बघा. पुरेसे उरत असतील तर तो खटाटोप नको.

एप्रिल-मेच्या प्रतिमा घेतल्यात तर सूर्य डोक्यावर असतो आणि पाण्यावरची चमक थेट कॅमेऱ्यात येते. ती सगळ्या बँडमध्ये उजळते, १६१० मध्येसुद्धा, म्हणून एरोसोल समजून फसायला होतं. ओसीएम कॅमेरा पुढे-मागे वीस अंश कलवता येतो तो याचसाठी. सेंटिनेल सरळ खाली पाहतो. तुमच्या जानेवारीच्या प्रतिमांना ही भीती नाही. पातळ उंच ढगांची आहे: १३७५ नॅनोमीटरचा बँड उघडा, त्यात पांढरं काही दिसलं तर ते हवेत खूप वर आहे, आणि तो भाग सोडा.

कृष्णेत निळ्या-हिरव्याच्या गुणोत्तरावरून क्लोरोफिल काढू नका, दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी. तिथे गाळ आणि पाल्याची द्रव्यं निळ्यात ढवळाढवळ करतात. गढूळपणासाठी ६६५ चा लाल बँड, क्लोरोफिलसाठी ७०५ आणि ६६५ चं गुणोत्तर. यात दुसराही फायदा आहे. धुरक्याची चूक निळ्यात जितकी मोठी, तितकी लाल बँडमध्ये नसते.

या सगळ्यानंतर जो आकडा येईल, तो पाण्याशी एकदा तरी जुळवून पाहा. महाग उपकरण नसेल तर वीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी किंवा काळी-पांढरी तबकडी, खुणा केलेली दोरी आणि गढूळपणा मोजायला पाण्याची बाटली पुरे. सेंटिनेल-२ आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्याच्या तारखा आधी काढून ठेवा आणि त्या दिवशी साडेदहा ते साडेअकरा पाण्यावर राहा. सांगलीला हरिपूरच्या संगमाजवळ दोन ठिकाणी घ्या, वारणा मिळण्याच्या वर एक आणि खाली एक, दोन्ही प्रवाहाच्या मध्यावर होडीतून, काठावरून नाही. शिवसागराला बामणोलीहून आत, जिथे दोन्ही काठ किमान दोनशे मीटर लांब आहेत तिथे. प्रत्येक नोंदीशेजारी आभाळाची ओळ लिहा: धुई की धुरकं, वारा कुठून, आसपास कुठे पाचट पेटलंय का, आणि समोरचा ओळखीचा डोंगर किंवा धुराडं स्पष्ट दिसतंय की पुसट. सांगलीच्या आयर्विन पुलावरून फोटोही काढा, रोज त्याच कठड्यापाशी उभं राहून आणि त्याच दिशेला. आठ-दहा दिवसांच्या नोंदी झाल्या की त्या अकोलाइटने काढलेल्या एरोसोलच्या आकड्याशेजारी मांडा. ज्या दिवशी वहीत धुरकं आहे आणि प्रतिमेत एरोसोल कमी, त्या दिवसाचा निळा बँड वापरू नका. लाल वापरा.